फोन उचलण्याआधीचं एक मिनिट

"ताई, याचा फोन तेवढा सोडवा, बाकी पोरगं गुणाचं आहे." इंदूरमधल्या भंवरकुआं आणि गीता भवनच्या क्लासांना जाणाऱ्या मुलांच्या आया हे वाक्य इतक्या वेळा म्हणतात, की त्याचं उत्तर सविस्तर लिहूनच द्यावं असं वाटलं.

सुदामानगरातल्या एका मुलाचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अकरावीत, जेईई या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. घरच्यांनी फोन कपाटात कुलूपबंद केला, रात्री दहाला वाय-फाय बंद केलं, साधा बटणांचा फोन आणून दिला. एकही उपाय आठवडाभर टिकला नाही. कारण उघड आहे. क्लासचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येतं, नोट्स पीडीएफमध्ये, सराव परीक्षा ऑनलाइन आणि जेईई मेनसुद्धा संगणकावरच. फोन मागायला रोज एक खरं कारण असतंच. आईने ॲप टायमर लावला, पण तो ज्या फोनवर लावला त्याच फोनच्या सेटिंगमधून अर्ध्या मिनिटात काढता येतो. त्याने काढला.

"रोज किती तास?" हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. मला तो फारसा कामाचा वाटत नाही. सलग दोन तास लेक्चर पाहणं वेगळं आणि दोन-दोन मिनिटांचे साठ तुकडे वेगळे. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये दिवसभरात फोन किती वेळा उघडला हा आकडाही दिसतो, तो आधी पाहावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उचलण्याच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं. माणूस एखादी गोष्ट पुन्हापुन्हा करतो तेव्हा तिच्या अलीकडे काय घडतं आणि पलीकडे काय मिळतं हे बघावं, स्वभावाला नावं ठेवू नयेत, या मताची मी आहे.

म्हणून त्याला एक शाळेची वही दिली आणि तीन रकाने आखायला सांगितले: वेळ, समोर काय होतं, मनात काय आलं. अट एकच, फोन उचलताना तिथल्या तिथे लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की सगळे "बोअर झालं" एवढंच लिहितात.

वहीत असं होतं: '६.१०, रोटेशन, चौथं उदाहरण, कॅल्क्युलेटर हवा.' त्याच्या खाली थेट '६.५०'. मधली चाळीस मिनिटं रील्समध्ये गेली होती. गुणाकारासाठी उघडलेला फोन, तोही अशा परीक्षेसाठी जिथे कॅल्क्युलेटर चालतच नाही.

आठवड्याने मी त्यालाच वही मोठ्याने वाचायला लावली. दुसऱ्या पानावर तो थांबला.

"मॅडम, केमिस्ट्रीला मी उचलतच नाही. फिजिक्सलाच."

"फिजिक्समध्ये कधी?"

"अडलो की. सोल्युशनचा व्हिडिओ बघायला."

"व्हिडिओ बघून झाल्यावर फोन ठेवतोस?"

"नाही ठेवत." बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "तेवढा वेळ मी मठ्ठ आहे असं वाटत नाही."

आमचं काम या वाक्यापाशी खऱ्या अर्थाने सुरू झालं. दहावीपर्यंत शाळेत पहिला येणारा हा मुलगा क्लासच्या बॅचमध्ये मधल्या बाकांवर जाऊन पडला होता. ठेच लागली की हात आपसूक पायाकडे जातो, तसा प्रश्न अडला की याचा हात फोनकडे जाई आणि तेवढ्यापुरतं दुखणं थांबे. कपाटाला कुलूप लावून हे दुखणं जाणार नव्हतं. अशी कितीतरी मुलं मी पाहते, आणि आळशी म्हणावं असं त्यांत क्वचितच कुणी निघतं. 'येत नाही' या जाणिवेसोबत पाच मिनिटंही बसायची सवय त्यांना राहिलेली नसते, कारण उत्तर हाताशी असतं.

मग उपायही तिथेच केला. प्रश्न अडला की घड्याळ लावून दहा मिनिटं कागदावर झटायचं: आकृती काढायची, दिलेल्या राशी लिहायच्या, कुठलं सूत्र का लागत नाही ते लिहायचं. तरी सुटला नाही तर 'शंका-वही'त प्रश्नाचा क्रमांक आणि नेमकं कुठे अडलं हे एका ओळीत नोंदवून पुढच्या प्रश्नाकडे जायचं. संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ हॉलमधल्या संगणकावर त्या सगळ्या शंका एकदम उघडायच्या. 'अडलो' असं नुसतं लिहिलं तर उपयोग होत नाही. 'टॉर्क कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा कळेना' असं लिहिलं तर निम्म्या शंका लिहितानाच सुटतात. हे त्याने स्वतः येऊन सांगितलं, आणि त्याचं मला फार समाधान वाटलं.

फोनचे छोटे बहाणेही काढून घ्यावे लागतात. टेबलावर घड्याळ, उठायला गजराचं घड्याळ, आकडेमोड कागदावर, नोट्सचे प्रिंट. क्लासचा ग्रुप म्यूट करून दिवसातून दोनदाच पाहायचा. रात्री चार्जर स्वयंपाकघरात, आणि घरातल्या सगळ्यांचेच फोन तिथे. बाबांचा फोन उशाशी असेल तर हा नियम चार दिवसही चालत नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगते. पहिले काही दिवस चिडचिड होते, अभ्यास उलट कमी झाल्यासारखा वाटतो आणि घाबरून घरचे सगळं गुंडाळतात. दुसरं, आई वही तपासायला लागते. तपासणी सुरू झाली की मुलगा खरं लिहिणं बंद करतो, म्हणून वही त्याचीच राहू द्यावी. तिसरं म्हणजे सराव परीक्षेत मार्क कमी पडलेला दिवस. त्या रात्री जुनी सवय हमखास उसळते. त्या दिवसासाठी आधीच ठरवून ठेवावं: जेवण, बाबांबरोबर कॉलनीत एक फेरी, आणि पेपरची चर्चा दुसऱ्या दिवशी.

या मुलाचा फोन सुटला नाही, सोडायचाही नव्हता. दोनएक महिन्यांत फिजिक्सच्या वेळेतल्या नोंदी तुरळक झाल्या. आई म्हणाली, "आता हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देतो."

मात्र झोपेचं चक्र उलटं झालं असेल, शाळा-क्लास बुडत असतील, गेमवर चोरून पैसे जात असतील, फोन काढताच मुलगा अंगावर धावत असेल, तर वहीवर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला आजार म्हणून जागा आहे आणि त्यावर उपचार होतात. इंदुरात एमजीएम मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं. पहिला फोन पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.