काळी नखे आणि नेलकटरची भीती

प्रश्न : आमचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर सदनिकेत वाढला आहे. त्याची नखे काळी आहेत. मागे ती कापताना रक्त आले आणि तेव्हापासून नेलकटर दिसताच तो पाय ओढून घेतो. आता नखे वाढून तो फरशीवर घसरतो. शिवाय पावसाळ्यात पंजे सतत चाटतो. घरच्या घरी काय करता येईल? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेली जिव्हाळी असते, तिला धार लागली की रक्त येते आणि वेदनाही बरीच होते, त्यामुळे त्याची भीती अगदी रास्त आहे. म्हणून आधी भीती घालवावी. काही दिवस नख कापूच नये. खांद्यापासून हात फिरवत पंजापर्यंत न्यावा, बोटे हलकेच दाबावीत, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा आणि त्याने पाय ओढला तर ओढू द्यावा. पुढे नेलकटर नुसते शेजारी ठेवावे, मग नखाला टेकवावे, आणि तो शांत राहू लागल्यावर एका दिवशी एकच नख कापावे. दोघांनी धरून, दाबून सगळी नखे एका बैठकीत उरकणे मला मुळीच मान्य नाही. त्याने भीती पक्की होते.

पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, काळ्या नखात बाहेरून दिसत नाही. त्यामुळे कुत्र्यांसाठीच्या धारदार नेलकटरने टोकाकडून जेमतेम एक मिलिमीटर कापावे आणि दर वेळी कापलेली बाजू समोरून पाहावी. तिच्या मध्यभागी काळसर, ओलसर ठिपका दिसू लागला की तेथेच थांबावे. नख फार वाढले असेल तर जिव्हाळीही पुढे आलेली असते. दर आठवड्याला थोडे थोडे कापत गेल्यास ती हळूहळू मागे सरते. पंजाच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख विसरू नये, कारण ते झिजत नाही आणि वळून कातडीत रुतू शकते. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटे दाबून धरावे.

फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत टॉवेलने कोरडे करावेत. तेथे ओल राहिली की यीस्ट आणि जीवाणू वाढतात. फिनेलसारखी जंतुनाशके पंजांना लावू नयेत, कारण तो ती चाटणारच. एकच पंजा चाटत असेल तर बेचक्यात काटा किंवा गोचीड आहे का ते पाहावे. चारही पंजे लाल झाले असतील, वास येत असेल किंवा कोरडे ठेवूनही चाटणे थांबत नसेल, तर ॲलर्जीची शक्यता असते; अशा वेळी घरगुती मलमे लावत न बसता पशुवैद्यकांना दाखवावे.