निधीचा अंदाज: आजचा आकडा धरू नका

फोंड्याहून तुम्ही विचारलंय की, साथीसाठी लागणाऱ्या जागतिक निधीचा अंदाज प्रबंधात मांडताना 'आजचे रुग्ण गुणिले एका रुग्णाचा खर्च' एवढं पुरेल का. वाचून पोटात गोळा आला. हेच मी करून बसलो होतो.

जून २०२० मध्ये कोविडमुळे वास्कोत मांगोर हिलवर कंटेन्मेंट झोन लागला, तेव्हा आमच्या छोट्या संस्थेचं अंदाजपत्रक मी केलं. त्या दिवशीची घरं मोजली, शिधा, मास्क, सॅनिटायझरचे दर लावले आणि गुणाकार केला. मंजुरी देणाऱ्या कचेरीने फाईल तीनदा परत पाठवली: नमुना जुना, शिक्का पुसट, मग साहेब रजेवर. पैसे आले चवथ (गणेश चतुर्थी) उलटल्यावर. तोवर साथ गोवाभर पसरली होती. वाढीव रक्कम मागितली तर म्हणाले, 'आकडा तुम्हीच लिहून दिलाय.' त्यांच्यावरचा माझा राग अजून जात नाही. पण अंदाज कुठल्या तारखेचा, रुग्ण वाढले तर रक्कम किती, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ती चूक माझीच.

मोठ्या संस्थांचीही यातून सुटका झालेली नाही. २०१४ च्या इबोलात जागतिक आरोग्य संघटनेचा जुलैअखेरचा आराखडा १० कोटी डॉलरचा होता, ऑगस्टअखेर ४९ कोटी झाला, आणि सप्टेंबरच्या मध्यावर संयुक्त राष्ट्रांनी जवळपास १ अब्ज मागितले.

म्हणून माझं मत ठाम आहे: गुणाकार पैसे हातात पडतील त्या दिवशीच्या रुग्णसंख्येने करा. रुग्ण तीन आठवड्यांत दुप्पट होत असतील आणि निधीला नऊ आठवडे लागत असतील, तर आठपट धरा. प्रयोगशाळा, सर्वेक्षण यांचा खर्च मात्र रुग्णांबरोबर तसा वाढत नाही, तो वेगळा मांडा. मी हिशेबनीस, साथरोगतज्ज्ञ नव्हे, आणि वाढ कायम त्याच वेगाने होत नाही. इबोलात आणखी उपाय झाले नाहीत तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये जानेवारी २०१५ पर्यंत, न नोंदलेले धरून, १४ लाखांपर्यंत रुग्ण होतील, असा अमेरिकेच्या सीडीसीचा (सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) अंदाज होता. साथ संपेपर्यंत नोंदले गेले सुमारे २८,६००. तेव्हा उपाय केल्यावरचा आणि न केल्यावरचा, दोन्ही आकडे द्या.

जाहीर झालेली आणि प्रत्यक्ष आलेली रक्कमही एकाच रकान्यात टाकू नका. आणि माहितीसाठी कुठल्याही कचेरीत अर्ज दिलात, तर तारखेची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.