निगेटिव्हवरची पेन्सिल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला टाकलेला तुझा मेसेज मी सकाळी चहाबरोबर वाचला. ‘काकू, माझं थोबाडच असं आहे, कोण कशाला बोलेल माझ्याशी?’ खाली नऊ सेल्फी, पुराव्यादाखल. इंजिनिअरिंगऐवजी वकिली करायला हवी होतीस.

‘मन सुंदर असलं की झालं’ हे मी तुला सांगणार नाही. वाकड्या उसाचा अभंग तुला शाळेपासून पाठ आहे आणि त्याने तुला झोप लागलेली दिसत नाही. लोक रूपाला भुलतात, हे खरंच आहे. मला सात स्थळांनी ‘सावळी’ म्हणून नाकारलं, तेव्हा माझ्या मनाची चौकशी कोणीच केली नव्हती. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला नावातला ‘फेअर’ काढायला २०२० उजाडावं लागलं. तोवर माझं सोड, माझ्या मुलांचीही लग्नं उरकली होती.

पण चेहऱ्यांतलं मला थोडं कळतं. सदाशिव पेठेतल्या एका फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर बसून मी एकवीस वर्षं रिटचिंग केलं. तिरप्या काचेवर निगेटिव्ह, मागून उजेड, डोळ्यापुढे भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. सुरकुती, डोळ्यांखालचं काळं, हे तिथे पांढुरकं दिसतं. तेवढ्या जागेत बारीक बारीक ठिपके भरत जायचं, की प्रिंटवर ते उजळून नाहीसं होतं. स्थळासाठीचे फोटो म्हणजे आमचा मुख्य धंदा. निम्म्या पुण्याच्या नाकाडोळ्यांची डागडुजी मी केली असेन.

आता तुझे पुरावे. आमच्याकडे कॅमेरा खुर्चीपासून सहा-सात फुटांवर असे. फार जवळून फोटो काढला की पुढचं मोठं दिसतं, मागचं लहान, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे असतं नाक. फूटभरावरच्या सेल्फीत ते पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशोब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली मांडला. सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणारे पेशंट यायला लागले होते म्हणून. शिवाय तुझ्या ओळखीचा तुझा चेहरा आरशातला, म्हणजे उलटा. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि आपलंच तोंड आपल्याला परकं वाटतं. तुझ्या मित्रांना तेच तोंड रोजचं आहे.

मुरमांसाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ते औषधाचं काम आहे, विचार करत बसण्याचं नाही. कुणी सुचवलं म्हणून स्टेरॉइडचं मलम मात्र परस्पर फासू नकोस.

एक आजोबा आले होते एकदा. बायको गेलेली. तिचा एकटीचा फोटो घरात एकही नव्हता. मुलीच्या लग्नातल्या ग्रुपमध्ये कडेला उभी होती, तेवढाच. आम्ही त्यावरून कॉपी काढून मोठी केली. चेहऱ्यावर देवीचे वण. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा, पण त्याआधी ज्यांना ती येऊन गेली, त्यांना वण जन्माचे चिकटले. मी दोन दुपारी खपून एकेक वण भरला. गाल असे गुळगुळीत केले की माझी मीच खूश. आजोबांनी प्रिंट खिडकीपाशी नेली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘ताई, ही कोण?’ मग खालच्या आवाजात, ‘हिचे वण कुठं गेले?’

टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसली जाते. पुसली. दुसरी प्रिंट त्यांनी शर्टाच्या आत धरून नेली. जाताना कुरकुरले ते एवढ्यावरूनच, की दोन प्रिंटचे पैसे का द्यायचे. शेवटी पुणेकर.

तुला सांगू, परवा तू माझ्या मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर घेत होतास ना? कुठलातरी फोल्डर सापडत नव्हता आणि तू त्याच्याशी भांडत होतास. त्या तासाभरात तुझा हात एकदाही गालावरच्या फोडांकडे गेला नाही. एरवी सारखा जातो. मला वाटतं, तुझ्याशी कोणी बोलत नाही यात चेहऱ्याइतकाच त्या हाताचाही दोष आहे. समोरचा बोलत असतो आणि तू स्वतःलाच चाचपत असतोस. त्याला ते कंटाळल्यासारखं दिसतं, नाहीतर शिष्टपणा वाटतो.

आणखी एक, आणि हे गंमतीत घेऊ नकोस. आरशापुढे तास जात असतील, तोंड दाखवायला नको म्हणून लेक्चरं बुडत असतील, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मनाच्या आजारांवर मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. रात्री पावणेदोनला मला मेसेज करण्यापेक्षा तिथे फोन कर. मी दहाला झोपते.

रविवारी सकाळी मात्र इकडे ये. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालक निगेटिव्हचे दोन डबे भंगारात घालत होते, ते मी घरी आणले. वीस वर्षं माळ्यावर पडलेत. तुझ्या त्या मशीनवर स्कॅन होतील म्हणालास. त्या बाईंची निगेटिव्ह त्यांतच असावी. येताना वॉचमनकडून शिडी घेऊन ये, मला आता स्टुलावर चढवत नाही.

तुझी,
काकू