वाचकांचे प्रश्न : मेलेल्याची साक्ष

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. मृतांना उठवून बोलते करणारा तपासनीस, आधुनिक शहर आणि त्या शहरात अमानवी शक्तींच्या हातून होणारे खून, असा मसाला असलेल्या कथांविषयीचे हे प्रश्न आहेत. चौघांपैकी दोघे स्वतः लिहू पाहत आहेत, हे वाचून आनंद झाला.

प्रश्न : इंग्रजीतल्या अर्बन फँटसी रहस्यकथा मी बरीच वर्षे वाचतो आहे. त्यांतला नेक्रोमॅन्सर खुनाचा तपास करतो, हे ठीक. परंतु ज्याला प्रेत बोलते करता येते त्याने पहिल्याच पानावर ‘तुला कोणी मारले?’ असे विचारून मोकळे व्हावे. मग तीनशे पाने रहस्य टिकते कसे? (एक वाचक, नाशिक)

आपली शंका रास्त आहे, आणि या प्रकारातले बरेवाईट लेखक नेमके याच ठिकाणी ओळखू येतात. सोपा मार्ग मृताचे तोंड बंद करण्याचा असतो. लॉरेल के. हॅमिल्टन यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या मालिकेची नायिका अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात प्रेते उठवण्याचा रीतसर व्यवसाय करते. तिथे असा नियम आहे की खून झालेले प्रेत उठवले तर ते कोणाचेही न ऐकता थेट आपल्या मारेकऱ्याच्या मागे लागते आणि वाटेत येईल त्यालाही सोडत नाही. म्हणजे ज्याची साक्ष सर्वांत मोलाची, त्यालाच उठवण्याची सोय नाही. नीरोच्या काळातला रोमन कवी ल्युकन याने रचलेली चेटकीण एरिक्थो तर रणांगणावरची प्रेते पारखून घेते आणि ज्याची फुप्फुसे शाबूत आहेत असेच प्रेत निवडते, कारण फुप्फुसे फाटलेल्या प्रेताचा आवाज स्पष्ट निघत नाही. हा तपशील मला फार आवडतो. गळा चिरलेल्या माणसाला विचारून उपयोग नाही, हे खुन्यालाही ठाऊक असू शकते.

मला स्वतःला मात्र दुसरा मार्ग अधिक कसदार वाटतो : मृताला खुशाल बोलू द्यावे, पण आपल्याला हवे ते त्याने बोलू नये. याचे सर्वांत चांगले उदाहरण ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदवून ठेवले आहे. कॉरिंथचा हुकूमशहा पेरियँडर याच्याकडे एका स्नेह्याने ठेव ठेवली होती आणि ती कुठे ठेवली आहे हे त्याच्या मृत पत्नीलाच, मेलिसालाच, माहीत होते. म्हणून त्याने आकेरॉन नदीकाठच्या मृतांच्या कौलस्थानी माणसे पाठवली. मेलिसा प्रकट झाली, परंतु ठेवीची जागा सांगायला तिने साफ नकार दिला. मला थंडी वाजते आहे, माझ्या अंगावर वस्त्र नाही, कारण माझ्याबरोबर पुरलेले कपडे जाळलेच नव्हते, असे तिचे म्हणणे होते. आपणच बोलत आहोत याची खूण म्हणून तिने पेरियँडरला निरोप धाडला की त्याने थंड भट्टीत पाव घातले होते. पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्या देहाशी त्याने काय केले हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होते, त्यामुळे खूण पटली. मग पेरियँडरने गावातल्या सगळ्या स्त्रियांना हेराच्या देवळात बोलावले, सणाला जावे तशा त्या नटूनथटून आल्या, आणि त्याने सर्वांची वस्त्रे उतरवून घेऊन मेलिसाच्या नावाने खड्ड्यात जाळली. दुसऱ्यांदा विचारल्यावर ठेवीची जागा कळली.

आता यातली गोम पाहा. हाच हिरोडोटस दुसऱ्या एका ठिकाणी सहज सांगून जातो की मेलिसाला मारणारा पेरियँडरच होता. म्हणजे खुनी स्वतः प्रश्न पाठवतो आहे, खून झालेली बाई उत्तर देते आहे, आणि दोघांच्या बोलण्यात खुनाचा उल्लेखसुद्धा नाही. एकाला ठेव हवी आहे, दुसरीला कपडे. मेलेल्याला त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे असते आणि आपल्या तपासाची त्याला काही पडलेली नसते, एवढे एक पथ्य लेखकाने पाळले तरी तीनशे पाने सहज भरतात. शिवाय मृताला फक्त त्याने पाहिलेलेच माहीत असणार. ज्याच्या डोक्यात मागून घाव बसला, किंवा ज्याच्या औषधाच्या बाटलीत आठवड्यापूर्वी कोणी काही मिसळले, त्याला उठवून विचारले तर तोच उलट आपल्याला विचारील.

प्रश्न : नेक्रोमॅन्सर या शब्दाला चांगला मराठी प्रतिशब्द सुचवाल का? मांत्रिक म्हटले तर चालेल का? (एक वाचिका, सांगली)

मांत्रिक फार ऐसपैस शब्द आहे. विंचू उतरवणाराही मांत्रिकच. भगत आणि देवऋषी यांचा रोजचा संबंध जिवंत माणसांच्या आजारांशी. मूळ ग्रीक शब्दाची फोड मृत आणि भाकीत अशी आहे, म्हणजे मेलेल्याकडून उत्तर मिळवणे, आपल्या भाषेत कौल घेणे. मध्ययुगीन युरोपात त्या शब्दातल्या मृतावर काळ्या रंगाचा आरोप झाला आणि तो सरसकट काळ्या जादूसाठी वापरला जाऊ लागला, त्यामुळे आजचा वाचकही तसाच चकतो. कोशात शोभणारा एखादा संस्कृत शब्द घडवता येईल, पण कथेत तो कोणाच्या तोंडी बसणार? पोलीस ठाण्यातला हवालदार अशा तपासनीस बाईला ‘मढेवाल्या बाई’ म्हणेल. मी असतो तर तेच नाव ठेवले असते.

प्रश्न : भुताच्या सांगण्यावरून खऱ्या न्यायालयात कोणाला शिक्षा झाल्याचे उदाहरण आहे का? आणि आपल्याकडे अशी साक्ष टिकेल का? (एक वकील वाचक, छत्रपती संभाजीनगर)

एक उदाहरण प्रसिद्ध आहे आणि ते ज्या अर्थाने प्रसिद्ध आहे त्या अर्थाने ते खरे नाही. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रीनब्रायर परगण्यात 23 जानेवारी 1897 रोजी झोना हीस्टर शू ही नवविवाहिता घरात मृत आढळली. तिचा नवरा लोहार होता. डॉक्टर येण्यापूर्वीच त्याने प्रेताला उंच, ताठ गळपट्टीचा पोशाख स्वतःच्या हाताने चढवला होता, आणि डॉक्टर मानेपाशी आले की तो इतका आकांत करी की तपासणी वरवर झाली. काही आठवड्यांनी झोनाची आई मेरी जेन हीस्टर सरकारी वकिलांकडे गेली आणि म्हणाली की मुलगी चार रात्री आपल्याकडे आली होती, रात्रीच्या जेवणाला मांस शिजवले नाही म्हणून नवऱ्याने आपली मान मोडली असे तिने सांगितले. फेब्रुवारीत प्रेत उकरून शवविच्छेदन केले तेव्हा मान खरोखरच मोडलेली निघाली. नवऱ्याला जन्मठेप झाली आणि 1900 मध्ये तो तुरुंगातच वारला. भुताच्या साक्षीने खुन्याला शिक्षा होण्यास मदत झाल्याचे हे एकमेव ज्ञात प्रकरण, असा फलक राज्य सरकारने तिथे रस्त्याकडेला लावलेला आहे.

परंतु खटल्यात सरकारी वकिलांनी भुताचे नावही काढले नव्हते. ते काढले बचावपक्षाने, आईला उलटतपासणीत वेडगळ ठरवण्यासाठी, आणि बाई तसूभरही हलल्या नाहीत म्हणून डाव उलटला. शिक्षा झाली ती मोडलेल्या मानेमुळे आणि नवऱ्याच्या वागणुकीमुळे. भुताने एवढेच केले की थडगे उघडायला लावले. माझा अंदाज विचाराल तर आईला जावयाचा संशय पहिल्या दिवसापासून होता, आणि शेजारच्या बाईचे न ऐकणारे लोक मेलेल्या मुलीचे ऐकतील हे तिने ओळखले होते.

याहून थेट पुरावा युरोपने एके काळी मानला होता. खुन्याने स्पर्श केला की प्रेतातून रक्त वाहते, ही ती समजूत. स्कॉटलंडमध्ये 1688 साली फिलिप स्टॅन्सफील्ड याला वडिलांच्या खुनाबद्दल फाशी झाली, त्या खटल्यात मुलाचा हात लागताच प्रेतातून रक्त आले हा मुद्दा गांभीर्याने मांडला गेला होता.

आपल्याकडे मृत्युपूर्व जबानी ग्राह्य असते. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 32 होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 26 आहे. आपण वकील आहात म्हणून एक गंमत सांगतो. त्या कलमाची सुरुवातच मृत व्यक्तीच्या कथनांपासून होते. अक्षरशः वाचायचे झाले तर भूत ही मृत व्यक्तीच आहे आणि ते कथन करते आहे! अर्थात कथन मृत्यूपूर्वीचे असावे हे उघड आहे, आणि उठवलेल्या प्रेताला शपथ देऊन त्याची उलटतपासणी घेणार तरी कोण? तपासनिसाला खरा उपयोग ग्रीनब्रायरसारखाच होईल : पुरलेले प्रेत बाहेर काढण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, फक्त त्यांना पटेल असे, भुताविना उभे राहणारे कारण अर्जात लिहावे लागेल. माझ्या मते अशा कादंबरीतला सर्वांत चुरशीचा प्रसंग हाच अर्ज लिहिण्याचा होईल.

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका मुंबईत राहते आणि मृतांशी बोलून खुनांचा तपास करते. परदेशी कथांतले थडगी, धुके, कबरस्तान हे सगळे इथे उसने वाटते. काय करावे? (एक लेखिका, डोंबिवली)

उसने वाटते याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. तो सगळा प्रकार दफन करणाऱ्या समाजांत वाढलेला आहे. तिथे प्रेत वर्षानुवर्षे जागेवर सापडते. मुंबईत मरीन लाइन्सला बडा कबरस्तान आहे, शिवडीला ख्रिस्ती दफनभूमी आहे, पण मरीन लाइन्सलाच चंदनवाडीची चिताही आहे, आणि मलबार हिलवर पारशांची डुंगरवाडी. एकाच शहरात कोणाची हाडे शिल्लक राहतात, कोणाची राख, तर कोणाचे काहीच नाही. आपल्या नायिकेला प्रत्येक खुनात आधी हेच विचारावे लागेल की मयताचे काय केले, आणि बहुतेक वेळा तिच्या हाती असतील ते फक्त पहिले काही तास. घाईघाईने उरकलेला अंत्यविधी हीच तिची पहिली शंका असायला हवी.

काळ थोडा मागे नेता आला तर आणखी एक सोय आहे. मुंबईत 1999 पर्यंत कॉरोनर हे स्वतंत्र पद होते आणि संशयास्पद मृत्यूचे कारण काय, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे चाले. मृतांशी बोलणाऱ्या बाईला याहून योग्य कचेरी मिळणार नाही. कथा आजची असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात ठेवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला होता. भुताला आवाहन करून लोकांत भीती पसरवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि अंमलबजावणीसाठी पोलिसांतलाच दक्षता अधिकारी. कादंबरी लिहिण्यावर अर्थातच काही बंधन नाही, पण आपल्या नायिकेमागे हा अधिकारी लागलेला दाखवा, आणि कृपा करून त्याला मूर्ख दाखवू नका. त्याची बाजू खरी आहे.

आता ज्यासाठी आपले पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवले ते सांगतो. आपल्या भाषेत भुताचे नाव हाच बहुधा त्याच्या मृत्यूचा दाखला असतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अळवंतीण, बुडून मेला आणि पाण्यातच राहिला तो गिऱ्हा, जीव धनात अडकला तो समंध. समजा, एका जुन्या चाळीत लोकांना विहिरीपाशी कोणी दिसते, आणि नोंदीप्रमाणे घरातली सून बुडून मेली आहे. पण दिसते ती अळवंतीण. मग ती बुडण्याआधीच मेली होती, आणि एक मूल कुठेतरी आहे किंवा होते. प्रेताला एकही प्रश्न न विचारता तपास सुरू झाला. वेताळाचा मोह मात्र आवरा. वेताळ मढ्यात शिरून उत्तम बोलतो, परंतु ते मढे त्याचे नसते, त्यामुळे त्याची साक्ष ऐकीव ठरते.

आणि राख झालेल्यांचे काय? त्यांच्याशी बोलण्याची पद्धत आपल्या घराघरांत आहेच. माझ्या एका मावशीच्या दहाव्याला आम्ही नदीकाठी जवळजवळ तासभर उभे होतो. पिंडाशेजारी तिच्या आवडीचा चहा स्टीलच्या पेल्यात ठेवला होता, त्यावर साय धरली, आणि कावळे समोरच्या पिंपळावर बसून नुसते पाहत होते. मुलाने हात जोडून सांगितले की बाबांना सांभाळीन. कावळा हलला नाही. सुनेने सांगितले, मुलीने सांगितले. गुरुजी दर्भाचा कावळा करायला वळले तेवढ्यात धाकटे मामा, ज्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते, हळूच म्हणाले की ताई, तुझ्या पाटल्या धाकटीच्या नावावर करतो. कावळा उतरला. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

आपली नायिका अशा वेळी सर्वांच्या मागे, चप्पल हातात घेऊन उभी असावी, आणि कोण काय कबूल करून गेले याबरोबरच, कोण पुढे होऊन काहीच बोलले नाही, तेही तिने मनात टिपून ठेवावे.