समुद्रावर सिंगल इंजिन विमानाचं इंजिन बंद पडलं तर माणूस वाचू शकतो का?

वाचतो की, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बरेच जास्त वाचतात. मी छोटी विमानं उडवतो, समुद्रात उतरायची वेळ अजून आली नाहीये (नकोच यायला), पण बुडालेल्या कॉकपिटमधून बाहेर पडायचं ट्रेनिंग केलंय, त्या जोरावर सांगतो.

इंजिन गेलं म्हणून विमान लगेच खाली कोसळत नाही. सेस्ना १७२ हे छोटं सिंगल इंजिन विमान दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर) ग्लाइड करतं, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत पुढे जातं, त्यामुळे ५००० फुटांवर असाल तर हातात काही मिनिटं असतात, तेवढ्यात रेडिओच्या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर (१२१.५) मेडे, म्हणजे मदतीची हाक द्यायची, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) ७७०० हा इमर्जन्सी कोड टाकायचा, जवळपास बोट दिसली तर तिच्या बाजूला उतरायचं बघायचं. मोठ्या लाटा असतील तर त्यांना समांतर आणि विमान सांभाळता येईल इतक्या कमी स्पीडने. आणि टेकायच्या आधीच दार उघडून फटीत बूट वगैरे काहीतरी अडकवून ठेवा, कारण फ्रेम वाकली किंवा बाहेरून पाण्याचा दाब आला की ते दार हलत नाही.

१७२ची चाकं आत जात नाहीत, ती पाण्यात अडकली की विमान उलटं होऊ शकतं. खरी परीक्षा इथे. ट्रेनिंगमध्ये सीटसकट उलटं करतात तेव्हा नाकात पाणी जातं, वर कुठे खाली कुठे काही कळत नाही, आणि हात आपोआप बेल्टकडे जातो. तो तिथेच थांबवायचा! आधी दुसऱ्या हाताने दाराची कड घट्ट पकडायची, विमान पूर्ण थांबू द्यायचं, मगच बेल्ट सोडायचा. उलटे झालात तरी डावीकडचं दार तुमच्या डावीकडेच राहतं, एवढं एक डोक्यात पक्कं बसवा, पकड सुटली की मग दिशाच राहत नाही.

लाइफ जॅकेट टेकऑफच्या आधीच अंगात हवं, पण फुगवायचं बाहेर आल्यावर. आत फुगवलं तर ते तुम्हाला वर ढकलतं आणि उलट्या विमानात वर असतो फ्लोअर, खाली डुबकी मारून दारापर्यंत जाताच येत नाही.

बाहेर आल्यावर पाणी थंड असेल तर पहिलं मिनिटभर नुसती धाप लागते, तेव्हा पोहायची घाई करू नका, फक्त श्वास ताब्यात आणा. हातपाय नीट चालतात ते पुढची दहाएक मिनिटं, राफ्टमध्ये (फुगवायच्या बचाव होडीत) चढणं वगैरे जे काय करायचं ते त्यातच. लोकेटर बीकन (तुम्ही कुठे आहात याचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) मात्र खिशात ठेवा हो, मागच्या सीटवरच्या बॅगेत ठेवलेला विमानाबरोबर खाली जातो.