८० क्रमांकाच्या पोर्टसाठी रूट कशाला?

प्रश्न : मी सी भाषेत लिहिलेला छोटा वेब सर्व्हर ८० क्रमांकाच्या पोर्टवर चालवायचाय. साध्या यूजरने सुरू केला की ‘परमिशन डिनाइड’. सेटकॅप (प्रोग्रामच्या फाइलला ठरावीक अधिकार देणारी कमांड) करून पाहिलं, चाललंही. पण नवं बिल्ड टाकलं की पुन्हा तीच रड. म्हणून सध्या रूटनेच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरनेच चालवतो. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला लिनक्स एकच अधिकार मागतं : कॅप-नेट-बाइंड-सर्व्हिस. तेवढ्यासाठी रूट दिलंत आणि तुमच्या कोडमध्ये एखादं भोक निघालं, की घुसणारा थेट मशीनचा मालक.

आता तुमची रड. अधिकार फाइलच्या नावाला नसतो, खुद्द फाइलच्या एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूटमध्ये (फाइलला जोडून साठवलेल्या जादा माहितीत) असतो. नवं बिल्ड ही नवी फाइल. जुनीवरच लिहिलंत तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) तो अधिकार काढून घेतो, आणि बरंच करतो! नाहीतर आतला कोड बदलून कुणीही तो वापरला असता. डिप्लॉय स्क्रिप्टच्या शेवटी सेटकॅपची ओळ घाला, गेटकॅपने (फाइलला दिलेला अधिकार दाखवणाऱ्या कमांडने) तपासा. फाइल नोसुइड माउंटवर (फाइलमधून मिळणारे खास अधिकार बंद ठेवून जोडलेल्या डिस्कवर) असेल तर मात्र हा अधिकार लागूच होत नाही.

उद्या हाच सर्व्हर पायथनमध्ये लिहिलात, तर पायथनच्या बायनरीला, म्हणजे सगळ्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, सेटकॅप करू नका. मग त्या मशीनवरची प्रत्येकाची स्क्रिप्ट ८० वर बसू शकेल. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) असेल तर मी सर्व्हिस फाइलमध्ये ‘अँबियंट कॅपॅबिलिटीज’ (सर्व्हिस सुरू करतानाच तिला अधिकार देणारी ओळ) लिहिणंच पसंत करतो. त्यात बिल्ड कितीदाही बदला, सेटकॅपची गरजच पडत नाही.