वाचकांचे प्रश्न: सोसायटीत सर्वधर्म प्रार्थना ठेवू का?

प्रश्न: आमच्या सोसायटीत हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळे राहतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) लाउडस्पीकरच्या आवाजावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण झालं, आता कोणी कोणाशी धड बोलत नाही. सर्वधर्म प्रार्थना ठेवली तर फरक पडेल का?
– एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर: ठेवा, पण आत्ता लगेच नको. मनात राग असताना लोक स्टेजवर हात जोडून उभे राहतात आणि खाली उतरले की पुन्हा तेच, म्हणून आधी भांडणाचं मूळ मिटवा. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा कायदाच आहे (2000 चे ध्वनी प्रदूषण नियम), तो चवथ, फेस्त (चर्चचा सण), ईद सगळ्यांना सारखाच लावायचा असं मीटिंगमध्ये ठरवा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर माणूस समोर असताना बोलणार नाही ते टाइप करतो!

आणि तुम्ही तर म्हापशाचे. मिलाग्रीस सायबिणीच्या (चर्चमधल्या मेरी मातेच्या) फेस्ताला हिंदू लोक तेल घेऊन रांगेत उभे असतात ना, शिरगावची लईराई देवी तिची बहीण मानतात म्हणून. शिवोलीच्या जागरात (रात्रीच्या लोकनाट्यात) पण हिंदू आणि ख्रिश्चन दोघं असतात, नाताळ झाला की. हे कुठल्या शांतता समितीने नाही सुरू केलं, गावात प्रत्येकाला काहीतरी काम, मान होता म्हणून टिकलं, मला तरी हेच महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडेही तसंच करा, पुढच्या चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधताना शेजारच्यांना हाक मारा, नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) मुलांना मिळून करू दे, आणि ईदच्या दिवशी पार्किंग कोण बघणार ते आधीच ठरवा. फक्त जेवणाचा आग्रह नको, विचारून वाढा.